सरकारदरबारी साठलेली आपली माहिती संशोधनाला वापरली तर तुमची हरकत आहे का? असेल तर नक्की कशाला?

अर्धविराम

जन्माची नोंद, शाळेचे निकाल, प्राप्तिकराचं विवरणपत्र, सरकारी दवाखान्यातला केसपेपर, गाडीची नोंदणी, पेन्शन, शेवटी मृत्यूचा दाखला. यातलं काहीच आपण संशोधनासाठी दिलेलं नसतं. दिल्याशिवाय काम होत नाही म्हणून दिलेलं असतं. गेली काही दशकं अनेक देशांची सरकारं या नोंदी एकमेकींना जोडून संशोधकांना वापरू देताहेत. कुठे रीतसर कायदा करून, कुठे फारसा गाजावाजा न करता.

लोकांना याबद्दल काय वाटतं यावर बरंच काम झालंय. ब्रिटनमध्ये २०१४ साली आर्थिक व सामाजिक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने सामान्य लोकांना बोलावून यावर सविस्तर चर्चा घडवून आणल्या. सुरुवातीला बहुतेकांना असं काही चालतं याचा पत्ताच नव्हता. नीट समजावून सांगितल्यावर बरेचजण ‘चालेल’ म्हणाले, पण अटी घालून: ओळख काढून टाका, सुरक्षित ठेवा, लोकांच्या भल्याचं काहीतरी निघू दे. सगळं एकत्र जोडून कायमचा एकच महाकाय साठा करायच्या कल्पनेने मात्र लोक बिचकले. आणखी एक गंमत म्हणजे वैद्यकीय संशोधनाचा उपयोग लगेच पटला, सामाजिक संशोधनाबद्दल मात्र ‘त्याने होणार काय?’ असा सूर काहींनी लावला.

माझा अंदाज असा की लोकांचं संशोधनाशी भांडण नसतंच. भांडण असतं ते आपल्या मागे काय चाललंय हे नंतर कळण्याशी. तुमची रेघ कुठे आहे ते सांगा.

शंकासूर

माझी रेघ पहिल्याच पायरीवर आहे. मला विचारलं नसेल तर वापरू नका. कर भरताना मी कर भरला, अभ्यासाचा विषय व्हायला होकार दिला नाही. भाडेकरूला घर दिलं म्हणजे माझ्या कुलूपबंद कपाटाची किल्लीही दिली, असं होत नाही.

नोंदवही

शंकासूर, तत्त्व म्हणून कबूल. पण प्रत्येकाला विचारायचं ठरवलं की काय होतं त्याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. कॅनडात पक्षाघाताच्या रुग्णांची नोंदणी सुरू केली तेव्हा प्रत्येक रुग्णाची किंवा नातेवाइकांची लेखी संमती घ्यायची असं ठरलं. पहिल्या टप्प्यात ३९ टक्के रुग्णांची संमती मिळाली, दुसऱ्या टप्प्यात ५१. आता ज्यांची मिळाली आणि ज्यांची मिळाली नाही त्यांची तुलना करा. रुग्णालयातच दगावण्याचं प्रमाण नोंदणीत आलेल्यांमध्ये ६.९ टक्के आणि न आलेल्यांमध्ये २१.७ टक्के. हा अभ्यास २००४ साली छापून आला.

कारण उघड आहे. जो बेशुद्ध आहे तो सही करत नाही. जो काही तासांत गेला त्याच्या घरच्यांसमोर कागद धरायला कुणी धजावत नाही. म्हणजे संमती घेऊन जी नोंदवही तयार होते तीत सगळ्यात गंभीर रुग्णच नसतात, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वाचून एखादा डॉक्टर समजतो की हा आजार तितकासा वाईट नाही.

उलट बाजू पाहा. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे आणि लसीकरण, निदान, शिक्षण सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने स्वमग्नता होते अशी आवई उठली तेव्हा डॅनिश संशोधकांनी १९९१ ते १९९८ मध्ये तिथे जन्मलेली एकूणएक मुलं घेतली, ५,३७,३०३. लस घेतलेल्यांत जास्त धोका दिसला नाही. २०१९ मध्ये पुन्हा केलं, नंतरच्या पिढीतल्या ६,५७,४६१ मुलांवर. उत्तर तेच. एकाही पालकाकडे संमतीचा कागद गेला नव्हता, तिथल्या कायद्यानुसार अशा नोंदींवरच्या अभ्यासाला तो लागत नाही. संमती मागितली असती तर लशीबद्दल संशय असलेले पालकच आधी नाही म्हणाले असते, आणि ज्या गटाची तुलना हवी होती तोच हातातून गेला असता.

फटकळ

म्हणजे थोडक्यात, तुम्ही नाही म्हणू शकता म्हणून विचारत नाही. छान आहे.

नोंदवही

फटकळ, टोमणा बरोबर जागी बसला. :) म्हणूनच संमतीच्या जागी काहीतरी तितकंच भक्कम ठेवावं लागतं. ते कधी ठेवलेलं असतं, कधी नसतं. त्यावर पुढे लिहिते.

अर्धविराम

वर सामाजिक संशोधनाच्या उपयोगाचं निघालं म्हणून भर घालतो. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी ओळख काढलेली करविवरणपत्रं वापरून ४ कोटींहून अधिक मुलं आणि त्यांचे आईवडील यांची उत्पन्नं जोडून पाहिली. २०१४ चा अभ्यास. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्शात जन्मलेलं मूल सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्शात पोहोचायची शक्यता शार्लट शहराच्या परिसरात ४.४ टक्के आणि सॅन होजेच्या परिसरात १२.९ टक्के. एकाच देशात जवळपास तिप्पट फरक! घरोघर जाऊन सर्वेक्षण केलं असतं तर इतक्या बारकाईने हे कधीच दिसलं नसतं. गरीब माणूस सर्वेक्षणाला घरी सापडत नाही आणि श्रीमंत माणूस दार उघडत नाही.

खारूताई

मला एक कळत नाही. नाव, पत्ता, क्रमांक काढून टाकला तर उरतं काय? कुणालातरी अमुक साली मधुमेह झाला, एवढंच ना? मग एवढी भीती कशाची?

तळटीप

खारूताई, हाच प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांना पडला होता.

नव्वदच्या दशकात त्या राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावं, पत्ते, ओळख क्रमांक सगळं काढलेलं. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी हमी दिली की कुणाचीही ओळख उघड होणार नाही. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. वेल्ड केंब्रिज शहरात राहतात हे सर्वांना माहीत होतं. स्वीनींनी २० डॉलर देऊन त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. यादीत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होता, आणि हेच तीन रकाने ‘निनावी’ नोंदींमध्येही तसेच ठेवलेले होते. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले केंब्रिजमध्ये ६ जण. त्यातले पुरुष ३. त्यांच्या पिनकोडात राहणारा फक्त १. खेळ संपला. स्वीनींनी गव्हर्नरांचीच वैद्यकीय माहिती त्यांच्या कार्यालयात पाठवून दिली.

पुढे त्यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. नंतरच्या दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. तरी निम्म्याहून जास्तच.

आणि हे जुनं प्रकरण म्हणून सोडू नका. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये १० टक्के लोकसंख्येच्या, म्हणजे सुमारे २९ लाख माणसांच्या, वैद्यकीय बिलांच्या नोंदी थेट इंटरनेटवर टाकल्या. कुणीही उतरवून घ्या! मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक फोडून दाखवले, तेव्हा सरकारने घाईघाईने साठा मागे घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी रुग्णही ओळखता येतात हे दाखवलं. बाळंतपणं कधी, कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी, एवढं बाहेरून माहीत असलं तरी पुरतं. आणि २०१६ मध्येच, डॉक्टरांचे क्रमांक फुटल्यावर, सरकारने काय करावं? अशी ओळख पटवणं हाच गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं. भोक दाखवणाऱ्यालाच दंड. ते विधेयक मंजूर झालं नाही हे नशीब.

खारूताई

बापरे. पिनकोडचं डोक्यातच आलं नव्हतं.

नोंदवही

तळटीप यांच्या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: माहिती हातातून सोडून दिली. एकदा प्रत बाहेर गेली की संपलं. शहाण्या देशांनी यातून धडा असा घेतला की माहिती संशोधकाकडे जात नाही, संशोधक माहितीकडे जातो.

मी अशा व्यवस्थेत काम केलेलं आहे म्हणून कसं असतं ते सांगते. आधी प्रकल्प मंजूर व्हावा लागतो, कोणता प्रश्न, कोणते रकाने, ते का. जन्मतारीख मागितली तर विचारतात, वय पुरत नाही का? मग प्रशिक्षण आणि परीक्षा. मग खोली. फोन बाहेर ठेवायचा. संगणकाला इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह लावायची सोय नाही. नावं तर नसतातच, मूळ क्रमांकाच्या जागी त्या प्रकल्पापुरता बनवलेला वेगळाच क्रमांक असतो. दिवसभर काम करून एक तक्ता तयार झाला तरी तो आपण घेऊन निघू शकत नाही. तपासनीस तो बघतो. एकदा माझ्या तक्त्यात एका छोट्या तालुकावजा भागातल्या एका दुर्मीळ आजाराच्या रकान्यात ३ आकडा होता. तक्ता परत. दोन भाग एकत्र करून आणला तर म्हणे, आधीचा एकूण आकडा तुमच्या मागच्या तक्त्यात बाहेर गेलाय, वजाबाकी केली की ३ पुन्हा निघतो. तेव्हा मी वैतागले होते हे खरं. पण तो माणूस माझा नव्हे, त्या ३ जणांचा वकील होता.

ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयाने याला पाच कसोट्यांची चौकट दिली: माणसं, प्रकल्प, जागा, माहिती आणि बाहेर जाणारे निकाल, पाचही सुरक्षित हवेत. फिनलंडने २०१९ मध्ये यासाठी वेगळा कायदाच केला आणि परवानग्या देणारी स्वतंत्र संस्था उभी केली, फिनडेटा.

रानवारा

हे सगळं उत्तम, पण लोकांना कळलं नाही तर शून्य. केअर डॉट डेटाचं कसं वाटोळं झालं ते सांगायलाच हवं.

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदी एकत्र आणून रुग्णालयांच्या नोंदींशी जोडायचं ठरलं. जानेवारी २०१४ मध्ये २ कोटी ६० लाख घरांमध्ये पत्रक टाकलं. पत्रकावर योजनेचं नावसुद्धा नव्हतं. नको असेल तर भरून पाठवायला फॉर्म नव्हता, ‘डॉक्टरांशी बोला’ म्हणे. जाहिरातींच्या गठ्ठ्यात ते गेलं, आणि बीबीसीच्या पाहणीत एक तृतीयांशाहूनही कमी लोकांना असं काही आल्याचं आठवत होतं. त्याच सुमारास बाहेर आलं की रुग्णालयातल्या १३ वर्षांच्या नोंदी, ४ कोटी ७० लाख रुग्णांच्या, आधीच विमा क्षेत्रातल्या गणितज्ञांच्या एका संस्थेला देऊन झाल्यात. फेब्रुवारीत योजना थांबवली, २०१६ मध्ये गुंडाळली.

आणि याच्यावर कळस: ज्या सुमारे ७ लाख लोकांनी ‘आमची माहिती बाहेर देऊ नका’ असं रीतसर कळवलं होतं, त्यांचा नकार अमलातच आणता येत नाही अशी कबुली संबंधित सरकारी संस्थेनेच २०१५ मध्ये दिली.

फटकळ

विमावाल्यांना ‘दिल्या’ नाही, विकल्या. सरळ बोला की.

रानवारा

खर्चापुरतं शुल्क घेतलं असं त्यांचं म्हणणं. पण ज्याची नोंद आहे त्याला या फरकाशी काय देणंघेणं? त्याला एवढंच दिसतं की डॉक्टरला सांगितलेलं विम्याच्या हप्त्यापर्यंत पोहोचलं. बरं, पुन्हा २०२१ मध्ये तेच. डॉक्टरांकडच्या नोंदी गोळा करायची नवी योजना, कमी मुदत, मोघम माहिती. एका महिन्यात १० लाखांहून जास्त लोकांनी नकार नोंदवला आणि योजना पुढे ढकलावी लागली. हे लोक काही संशोधनाचे वैरी नव्हते. ऐन कोविडमध्ये याच देशात औषधांच्या चाचण्यांना लोक हौसेने नावं देत होते.

मीमांसक

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळेजण आरोग्यावरच अडकलेत आणि विक्रीवर. मला त्याहून मोठी भीती वेगळी वाटते. संशोधनासाठी म्हणून नोंदी जोडायची यंत्रणा एकदा तयार झाली की तीच वसुलीला आणि पोलिसाला वापरता येते. आणि तसं झालेलं आहे.

ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट घ्या. करखात्याकडचं उत्पन्न आणि भत्ता देणाऱ्या खात्याकडची नोंद संगणकाने जुळवली. करखात्याकडे वर्षाचा एकूण आकडा असतो, भत्ता मात्र दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. मग काय केलं, वर्षाच्या कमाईला २६ ने भागलं. जो सहा महिने बेकार होता आणि सहा महिने कामावर, तो कागदावर वर्षभर अर्ध्या पगारावर दिसू लागला. म्हणजे बेकारीत घेतलेला भत्ता त्याने ‘लबाडीने’ घेतला. पाठव नोटीस! शेवटी २०२० मध्ये सरकारला सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या रद्द करून पैसे परत करायचं जाहीर करावं लागलं. एखाद्या संशोधकाने हीच सरासरी काढली असती तर त्याच्या आलेखात थोडी चूक राहिली असती, इथे माणसांच्या दारात वसुली आली.

नेदरलँड्समध्ये सिरी नावाची यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून ‘संभाव्य फसवणूक करणारे’ शोधायची, आणि वापरली गेली ती गरीब वस्त्यांवर. हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये ती मानवी हक्कांच्या विरोधात ठरवली.

आणि सगळ्यात कडू उदाहरण. अमेरिकेत १९४० च्या जनगणनेत लोकांना गुप्ततेचं वचन होतं. १९४२ मध्ये युद्धाच्या नावाखाली कायद्याने ते सैल केलं. जनगणना खात्याच्या गल्लीनिहाय तक्त्यांची मदत घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना हुडकलं गेलं, आणि सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत गेली. नाव-पत्ते आम्ही कधी दिले नाहीत, असं खातं कित्येक दशकं सांगत राहिलं. २००७ मध्ये दोन संशोधकांनी कागदपत्रं शोधून दाखवलं की १९४३ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावंही दिली गेली होती. लक्षात घ्या, मुख्य काम निनावी तक्त्यांनीच झालं होतं. गल्ली कळली की पुरे.

शंकासूर

मीमांसक, हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही नेमकं मांडलंत. माझी पहिली भूमिका थोडी सैल करतो: प्रत्येक वेळी विचारू नका, पण माझ्याविरुद्ध वापरणार नाही हे कायद्यात लिहून द्या. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी या कामांना जी सूट आहे तिला नेमकी हीच अट आहे, की त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दलचा निर्णय घ्यायचा नाही. वाक्य छान आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचं १५ वं कलमही तसंच: वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही.

पण त्याच देशात वाहननोंदणीची माहिती घाऊक विकायचं धोरण २०१९ मध्ये आलं होतं. पुढच्या वर्षी मागे घेतलं, पण तोवर गेलेली माहिती गेली. तेव्हा लिहून द्या एवढ्यावर माझं समाधान नाही. मोडलं तर कोण तुरुंगात जातो ते सांगा.

तळटीप

+१. आणि कुणाला कधी दिली त्याची यादी उघडी ठेवा. कोणता प्रकल्प, कुठली संस्था, कोणते रकाने, निष्कर्ष काय. ज्याला बघायचंय तो बघेल. बहुतेक बघणार नाहीत, पण पत्रकार बघतील.

नोंदवही

यादी हवीच, पूर्ण सहमत. नकाराच्या हक्कावर मात्र माझं मन द्विधा आहे. युरोपीय संघाचा आरोग्य माहितीचा नवा कायदा २०२५ मध्ये आला, त्यात दुय्यम वापराला, म्हणजे उपचार सोडून संशोधनासारख्या इतर कामांसाठीच्या वापराला, नकार देण्याची सोय आहे. ५ टक्के लोक बाहेर पडले तर आकडेशास्त्र सांभाळून घेतं. पण ते ५ टक्के सारखे विखुरलेले नसतात. ज्यांचा सरकारशी अनुभव वाईट तेच बाहेर पडतात, आणि मग त्यांच्याच अडचणी कुठल्या अभ्यासात दिसत नाहीत. तरी मी नकाराच्या बाजूने आहे. ज्याला बाहेर जाता येतं तो आत राहण्याची शक्यता जास्त.

रानवारा

ते डॅनिश लोकही वाटतात तितके निर्धास्त नाहीत हो. तिथेच फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींचा एक साठा कायद्याने दिलेल्या मुभेपलीकडे जाऊन गोळा केला गेल्याचं २०१४ मध्ये उघड झालं आणि पुढे तो पुसून टाकावा लागला. विश्वास आहे म्हणून काहीही चालतं असं नाही.

खारूताई

अवांतर वाटेल, पण मेलेल्यांचं काय? त्यांच्या वतीने नकार कोण देणार? की ते सगळ्यांना मोकळं?

अर्धविराम

अजिबात अवांतर नाही, यावर एक गाजलेला निकालच आहे. आइसलँडने १९९८ मध्ये कायदा करून सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदींचा एक साठा उभारायचं आणि तो चालवायचा परवाना डीकोड नावाच्या खाजगी जनुकशास्त्र कंपनीला द्यायचं ठरवलं. गृहीत संमती, नको असेल त्याने कळवायचं. पावणेतीन लाखांच्या देशात सुमारे २० हजार लोकांनी नको म्हणून कळवलं. एका मुलीने आपल्या वारलेल्या वडिलांची नोंद त्यात जाऊ नये म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला, ती कोर्टात गेली.

२००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. युक्तिवाद असा: वडिलांच्या नोंदीवरून मुलीच्या आनुवंशिक गोष्टींचा अंदाज बांधता येतो, म्हणजे हा तिच्याही खाजगीपणाचा प्रश्न आहे. शिवाय ओळख लपवायची नेमकी तजवीज कायद्यातच हवी होती, ती पुरेशी नव्हती.

खारूताई

मग तो साठा?

अर्धविराम

बनलाच नाही. डीकोडने पुढे जनुकीय अभ्यास केले ते माणसांना एकेक करून विचारून, सही घेऊन. आणि देशातल्या प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी सही दिली.

शंकासूर

बघा. विचारलं होतं.

नोंदवही

शंकासूर, तिथे विचारता येण्याजोगी जिवंत माणसं होती. पक्षाघातवाल्यांचं उत्तर अजून तुमच्याकडे बाकी आहे. :)